रेस कंडिशनला 'शर्यत' म्हणावं का?

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) नेटवर्क कोडमधले बग कसे सोडवतात यावर नव्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय आणि तीन शब्दांवर अडलोय. रेस (दोन कामांचा क्रम ठरलेला नसल्याने होणारा बग), लाइफटाइम (वस्तू मेमरीत किती काळ असते), फ्री (वापरलेली मेमरी परत देणं). कोशातून शर्यत, जीवनकाल, मुक्त करणे असं काढलं, पण वाक्यात घातलं की माझं मलाच कळेनासं होतं. काय वापरता तुम्ही लोक?

प्रतिसाद १

शर्यत नको, अगदी मनापासून सांगतो. शर्यत म्हटलं की वेग डोक्यात येतो, आणि मग मुलं काय करतात तर एका बाजूला थोडा डिले टाकतात, बग दिसेनासा होतो, आणि सुटला म्हणून पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवतात. मीही सुरुवातीला हेच केलंय, नुसती एक प्रिंटची ओळ घातली तरी क्रॅश गायब व्हायचा. इथे कोण जोरात पळतं याला काहीच अर्थ नसतो, कुठलं काम आधी होणार आणि कुठलं नंतर हे कुणी बांधून दिलेलं नसतं, एवढंच दुखणं असतं. आमच्याकडे बोलताना सगळे 'मागेपुढे होतंय' म्हणतात, तेच लिहा.

पॅकेट सॉकेटचं (प्रोग्रॅमला नेटवर्कवरची पॅकेटं थेट देणाऱ्या जोडणीचं) उदाहरण घ्या, ऑगस्ट २०११ मध्ये आत आलेला बग २०१६ च्या अखेरीस निघाला. एक थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) रिंग बफर, म्हणजे पॅकेटं ठेवायची गोलाकार जागा, मांडत असतो, व्हर्जन ३ आहे म्हणून त्यासाठी टायमर तयार करतो. रिंग अजून सॉकेटला जोडायचीय, तेवढ्यात दुसरा थ्रेड त्याच सॉकेटचं व्हर्जन बदलून १ करतो. रिंग असेल तर व्हर्जन बदलू द्यायचं नाही अशी तपासणी होती हो, पण ती लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) न घेता केलेली, आणि त्या क्षणी रिंग दिसतच नव्हती. पुढे सॉकेट बंद करताना कोड बघतो, व्हर्जन १, म्हणजे टायमर नसणारच, मग तो थांबवायचा कशाला. सॉकेटची मेमरी गेली आणि टायमर त्याच मेमरीत टिकटिकत राहिला. दुरुस्ती म्हणजे दोन्ही वाटांवर सॉकेटचं लॉक घेतलं, मधे घुसायला जागाच ठेवली नाही. कुणालाही हळू केलं नाही!

प्रतिसाद २

'मुक्त'ला माझाही विरोध. मुक्त सॉफ्टवेअरमधला मुक्त वेगळा आणि हा वेगळा, एकाच पानावर दोन्ही आले की गोंधळ. 'मोकळी करणे' लिहा. डबा मोकळा करून दे म्हणतो ना आपण, म्हणजे डबा तिथेच राहतो, आता त्यात दुसरं काहीतरी भरलं जाणार. यूज-आफ्टर-फ्री (मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणं) अगदी तसंच, शेजारणीचा डबा परत केला आणि दोन दिवसांनी आपलीच चटणी आहे समजून त्यात हात घातला.

लाइफटाइमला हयात. हयातीचा दाखला घराघरात माहीत आहे, वेगळं समजवावं लागत नाही.

मूळ लेखक

हयात एकदम पटलं. मग रेफकाउंट (वस्तू किती जण वापरतायत तो आकडा) वाढवणं-कमी करणं याला? संदर्भगणना वाढवली असं लिहिलंय सध्या.

प्रतिसाद १

धरणे आणि सोडणे. कर्नलमध्येच सॉक-होल्ड, सॉक-पुट आहे, होल्ड म्हणजे धरलं, पुट म्हणजे सोडलं. शेवटचा सोडतो तेव्हा वस्तू मोकळी होते. आणि हा भेद शब्दात नीट ठेवा, कारण पॅकेटच्या बफरसाठी के-फ्री-एसकेबी नावाचं जे फंक्शन आहे त्याच्या नावात फ्री असलं तरी ते नुसतं सोडतं, पण त्याच नावाआधी दोन अंडरस्कोर असलेला भाऊ आहे तो अजून कुणी धरलंय का हे न बघता थेट मोकळं करतो. डीसीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलच्या कोडमधला डबल फ्री (एकच मेमरी दोनदा मोकळी करणं) असाच, २००५ पासून पडून होता आणि २०१७ मध्ये सिझकॉलर या फझरमुळे (वेडंवाकडं इनपुट देऊन बग शोधणाऱ्या साधनामुळे) सापडला. पुढे लागेल म्हणून एका ठिकाणी बफर धरून ठेवलेला, आणि दुसरीकडे काम झालं म्हणून तोच सरळ मोकळा केलेला. पॅचने 'मोकळं कर' काढून 'सोड' लिहिलं.

प्रतिसाद ३

उशिरा आलो. आरसीयूच्या (लॉक न घेता वाचू देणाऱ्या कर्नलमधल्या पद्धतीच्या) ग्रेस पिरियडला, म्हणजे मोकळं करण्याआधी थांबायच्या काळाला, कुणीतरी 'सवलतीचा काळ' लिहिलेलं पाहिलं, ते कृपया नको, तो विम्याच्या हप्त्याचा शब्द आहे. मी शिकवताना 'पंगत उठेपर्यंत' म्हणतो. पत्रावळी उचलायच्या तर बसलेली पंगत उठायला हवी, बाहेर पुढच्या पंगतीची माणसं ताटकळत असली तरी त्यांच्यासाठी थांबायचं नाही, कारण त्यांच्यासमोर ही पत्रावळ येणारच नाही. आरसीयूमध्ये हेच. आधी पॉइंटर (वस्तूचा पत्ता) यादीतून काढायचा, मग जे वाचणारे आधीच आत आहेत तेवढे बाहेर पडेपर्यंत थांबायचं, मग मोकळं करायचं. यादीतून न काढता नुसतं थांबलात तर नवे लोक त्याच पत्रावळीवर येऊन बसतील, हा घोळ मी पॅचमध्ये खरोखर पाहिलाय.

मूळ लेखक

करून बघतो: 'सॉकेट बंद होणं आणि टायमर वाजणं मागेपुढे होतं, त्यामुळे सॉकेटची हयात संपल्यावरही टायमर त्याला धरून असतो.' चालेल?

प्रतिसाद १

'धरून असतो' काढा. धरलेलं असतं तर हयात संपलीच नसती. टायमरकडे नुसता पत्ता आहे, धरलेलं काहीच नाही, म्हणून 'टायमर त्याच पत्त्यावर जातो' लिहा.