संकटातच देव आठवणं हा स्वार्थ आहे का?

गिरणगावकर: मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग दिसली की कुणीतरी हमखास म्हणतं, "यातले निम्मे काम अडलं म्हणून आलेत. कामापुरता मामा!" मला हे लागतं. गीतेच्या ७व्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे संकटात सापडलेला. ज्ञानी कृष्णाला सर्वांत प्रिय, हे खरं. पण उदार तो चौघांनाही म्हणतो. मगरीने पाय धरल्यावर गजेंद्राने धावा केला, तेव्हा विष्णूने 'इतके दिवस कुठे होतास?' असं विचारलं नाही. मग आपण विचारणारे कोण?

चाळीतली लेक: स्वार्थाचं जाऊ द्या, माझा आक्षेप वेगळाच आहे. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंच्या छातीत गाठ लागली. त्यांनी सोळा सोमवार धरले आणि ते पुरे होईपर्यंत घरात कुणाला कळूही दिलं नाही. चार महिने गेले. कर्करोगात चार महिने म्हणजे काय, हे ज्याच्या घरात झालंय त्याला विचारा. शिवाय २००६ साली अमेरिकेत बायपासच्या १८०२ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, गुंतागुंत काही कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी नक्की प्रार्थना होतेय हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यात ती ५९ टक्के निघाली. प्रार्थना न झालेल्यांत ५१.

मालाड स्लो: त्या अभ्यासात प्रार्थना परक्यांची होती. स्वतःच्या माणसासाठी रात्र जागवणाऱ्याच्या मनाचं काय होतं, हे त्यात मोजलेलंच नाही. परळला टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर जाऊन बघा. आमच्या शेजारी बीडकडचं एक जोडपं प्लास्टिक अंथरून राहत होतं. फाईलच्या एकाच कप्प्यात केसपेपर आणि अंगाऱ्याची पुडी. बाई पहाटे उठून आधी पुडी कपाळाला लावायची, मग नंबर लावायला धावायची. केमोची एकही तारीख त्यांनी चुकवली नाही. देवाने गाठ विरघळवली असं मी म्हणत नाही. पण परक्या शहरात रोज उठून उभं राहायचं बळ तिला कुठून तरी मिळत होतंच ना?

चाळीतली लेक: त्या बाईला माझा नमस्कार. पण तिला फुटपाथवर झोपावं लागतं, त्याचं काय? गाडगेबाबांनी दगडाच्या देवापेक्षा माणसाकडे बघायला सांगितलं. त्यांच्या मिशनच्या दादरच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे पेशंट राहतात. संकटातल्या माणसाला आधी छप्पर लागतं.

गिरणगावकर: छप्पर हवंच! पण 'गोपाला गोपाला' म्हणत कीर्तन करणारेही तेच होते. हातात खराटा आणि तोंडात नाम, दोन्ही. नवसाला कोंबडं-बकरं कापू नका म्हणून त्यांनी लोकांना झापलं, नाम घेऊ नका असं कधी म्हटलं नाही. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात तेव्हा म्हातारा सगळ्या घराचं दुखणं एका दमात देवापुढे मांडतो आणि बाकीचे 'होय महाराजा' म्हणतात. जे एरवी कुणी तोंडातून काढत नाही, ते तेव्हा सगळ्यांसमोर येतं. त्या काकूंना असं चारचौघांत बोलता आलं असतं, तर कुणीतरी त्यांना दवाखान्यात नेलं असतं.

चाळीतली लेक: हे मात्र मला पटतं. मग देवळांनीच का करू नये? सिद्धिविनायक न्यास उपचारासाठी पैशांची मदत देतोच. तसं आजारपणासाठी नवस बोलायला आलेल्या प्रत्येकाला गाभाऱ्यापाशीच विचारावं: डॉक्टरला दाखवलंत का?