मिशन दौऱ्याच्या साक्षेत ‘गावाला पाणी दिलं’ म्हणावं का?

पोहरा: परदेशी मिशन दौरा संपताना पाळक साक्ष देतात ती बहुधा अशी: दोन आठवडे मलावीत होतो, बोअर मारली, हापसा बसवला, गावाला पाणी दिलं, प्रभूची स्तुती असो. हे ‘दिलं’ मला पटत नाही. मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मंडळ्या जातात मे-जूनमध्ये, तेव्हा भूजल वर असतं. तीच पातळी धरून सिलिंडर (पंपाचा पाण्यात बुडलेला, पाणी वर ढकलणारा भाग) सोडला, तर ऑक्टोबरात दांडा कितीही हापसा, पाणी चढत नाही. सिलिंडर कोरड्या महिन्यांतल्या पातळीच्याही काही मीटर खाली हवा. दौऱ्याऐवजी तिथल्या मंडळीला पैसे पाठवावेत.

जालनेकर: साफ असहमत. मिशनवाल्यांनी हापशात हात घातला नसता तर आज गावोगावचा इंडिया मार्क टू हापसा कुठून आला असता? एका घरापुरते बनवलेले बिडाचे पंप अख्खं गाव हापसायचं, म्हणून ते मोडायचे. त्यावर जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी पंप घडला, पुढे सोलापूरचा आला, आणि 1970च्या दशकात त्यातूनच मार्क टू उभा राहिला. पाळकांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं की मंडळीचा हात सैल होतो. नुसत्या पावतीवर दानार्पण येत नाही.

पोहरा: जालन्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ती माणसं तिथं राहत होती. पंप मोडला की तक्रार त्यांच्याच दारात यायची, म्हणून तो सुधारला. दोन आठवड्यांच्या पाहुण्याला मोडलेला पंप दिसतच नाही.

वायसर: पंप कोणता, यावरही बोला. मार्क टूचा वायसर बदलायचा तर सगळी पाइप वर काढावी लागते. 30 मीटरवर सिलिंडर म्हणजे 3 मीटरचे दहा जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप, क्लॅम्प, पाने आणि चार-पाच जण. एक पकड सुटली की सगळं बोअरमध्ये. मलावीत ॲफ्रिडेव्ह हा हापसा रुळलेला आहे. त्यात पीव्हीसी पाइप जागेवरच राहतो. झाकण उघडून, दांडा काढून रॉड हातानं ओढले की प्लंजर (सिलिंडरमधला दट्ट्या) वर येतो. यू-सील (प्लंजरची रबरी कडी) आणि दांड्याचे बुश वर्षाला बदलायचे, काम एका पान्याचं. गावातल्या बायकाही ते करतात.

आणि पाण्याचा पीएच मोजा. 6.5च्या खाली असेल तर जीआय पाइप गंजतो, पाणी तांबडं येतं, भाताला रंग चढतो. मग पंप चालू असूनही बायका परत ओढ्यावर जातात.

जालनेकर: हे मान्य. पण यावर इलाज दौरे बंद करणं नव्हे. शोमरोनी स्त्रीनं याकोबाच्या विहिरीवर पोहऱ्याची अडचण काढली (योहान 4), पाळकांनीही तीच काढावी. साक्षेत सांगा: खोली किती, ऑक्टोबरची पातळी किती, यू-सील कुठल्या बाजारात मिळतं, पाणी समितीची पेटी कुणाकडे, महिन्याला किती क्वाचा (मलावीचं चलन) जमतात, मेकॅनिक किती लांब.

पोहरा: एवढं सांगणार असतील तर दौऱ्याला माझी हरकत नाही. फक्त ती साक्ष निघायच्या दिवशी नको. नोव्हेंबरच्या पहिल्या पावसाआधी तिथल्या समितीला फोन लावा, बादली किती वेळात भरते ते विचारा, आणि मग वेदीवर उभे राहा.