सोसायटी ग्रुप: पानिपतची बाग

बी-302: दिल्लीच्या लग्नातून काल परतलो. मधे एक दिवस रिकामा होता, पानिपतला काला अंब, म्हणजे मराठे-अब्दाली लढाईची जागा, बघून आलो. दिल्लीहून साधारण 90 किलोमीटर. फोटो टाकतोय.

ए-104: अहो ही तर बाग आहे! हिरवळीवर डबे उघडून बसलेत लोक.

बी-302: बागच आहे काकू. कुंपण, मधे विटांचा स्तंभ, त्यावर लोखंडी दांडा. आंब्याचं झाड होतं त्या जागी तो बांधलाय. झाड केव्हाच वाळलं. त्याच्या लाकडाचे दरवाजे केले होते म्हणतात.

सी-501: रक्तानं माती भिजली आणि झाड काळं पडलं, अशी तिकडची कथा. मला विचाराल तर गर्द आंबा लांबून काळाच दिसतो 🙂

ए-104: जिथे आपली माणसं उपाशी लढून मेली तिथे डबा खायचा? मला नाही पटत.

सी-501: उपाशी हे अगदी खरं, वहिनी. नोव्हेंबर 1760 पासून छावणी तिथे अडकलेली. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, मग दाणाही मिळेना. कुजून मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून 14 जानेवारीला बाहेर पडले. तरी दुपारपर्यंत पारडं आपलंच जड! इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची फळी फोडली होती. मग विश्वासरावांना गोळी लागली. सेनापती सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी बघून फौजेचा धीर सुटला. पुढचं लिहवत नाही.

डी-203: टँकर आलाय. खालचा पंप कुणी बंद करू नका प्लीज.

बी-705: काका, लढाई एवढ्याशा बागेत झाली??

बी-302: नाही रे. कित्येक मैल पसरली होती. भाऊ या जागेवरून लढाई चालवत होते असं सांगतात. बाकी आता शेतं, रस्ते, ब्लँकेटचे कारखाने. कुंपण घातलं म्हणून एवढा तुकडा तरी उरला. काकू, मीही आधी तुमच्यासारखाच चिडलो होतो. पण तिथे रोड समाजाचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. हे लोक स्वतःला पानिपतानंतर तिकडेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. पुण्याहून आलोय म्हटल्यावर पिशवीतला पराठा माझ्या हातात ठेवला. तिथेच बसून खाल्ला. नाही कसं म्हणणार?

ए-104: अगं बाई. मग खायलाच हवा होता.

सी-501: संक्रांतीला तिथे दरवर्षी लोक जमतात, आपल्याकडूनही जातात. 2025 च्या अर्थसंकल्पात आपल्या सरकारनं तिथे स्मारक करायचं जाहीर केलंय. करा, पण भव्य पुतळा नको. नुसतं मराठीत नीट लिहा तिथे काय झालं ते. गारद्याचं नाव ठळक. पकडून हाल करून मारला त्याला, पण भाऊंना सोडून गेला नाही.

बी-705: इतिहासाच्या प्रोजेक्टला हेच घेतो. काका, संध्याकाळी येऊ का?

सी-501: ये. वही आण, मोबाईल नको.

ए-104: आणि येताना माझ्याकडून डबा घेऊन जा त्यांच्यासाठी.

डी-203: पंप कुणी बंद केला???