योगा करून टेन्शन कमी होतं म्हणतात, माझं तर वाढतंय

मानमोडे
मंडळी, एक सरळ प्रश्न आहे, हसू नका. गेले तीन आठवडे रोज रात्री अर्धा तास योगा आणि स्ट्रेचिंग करतोय. कारण नेहमीचंच, दिवसभर स्क्रीनसमोर, मान आणि खांदे दगड झालेत, रात्री अडीचला टक्क जाग येते आणि मग उद्याच्या मीटिंगमध्ये कोण काय बोलणार आणि त्यावर मी काय बोलणार याची रिहर्सल सुरू. डॉक्टरांना दाखवून झालं, रिपोर्ट सगळे नॉर्मल, म्हणाले टेन्शन घेऊ नका. बरं.

तर व्हिडिओ लावून करतो. पश्चिमोत्तानासनात माझी बोटं जेमतेम घोट्यापर्यंत जातात, आणि व्हिडिओतला माणूस गुडघ्याला नाक टेकवून वर हसत असतो. मी जोर लावतो, मांडीच्या मागे आग, घाम, एक डोळा घड्याळाकडे. शवासन म्हणजे तर कहर, आडवा झालो रे झालो की उत्तर द्यायचे राहिलेले मेल एकेक करून हजेरी लावतात. उठतो तेव्हा आधीपेक्षा जास्त चिडलेला असतो. परवा बायको म्हणाली, तू हे नको करूस, आम्हाला त्रास होतो.

याने ताण खरंच कमी होतो का? होत असेल तर नेमका कशाने? आणि माझंच काही चुकतंय का?

आळशी_मांजर
एकच विचारते, वाकताना श्वास रोखून धरता का?

मी धरायचे. मला कुणीतरी आरशासमोर बसून करायला लावलं तेव्हा कळलं, दात आवळलेले, कपाळाला आठ्या, जीभ टाळूला चिकटलेली. म्हणजे पाय बिचारे ताणले जातायत आणि तोंड भांडायला निघालंय. आज रात्री बाकी काही बदलू नका, फक्त जीभ सैल सोडून बघा. त्या व्हिडिओतल्या माणसाला मात्र आधी बंद करा.

सांधेजोड
वर मांजरताईंनी निम्मं काम केलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, थोडं लांबेल.

ताण आला की शरीर लढायच्या नाहीतर पळायच्या तयारीला लागतं. ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल वाढतं, ठोके वाढतात, श्वास छातीतल्या छातीत उथळ होतो, स्नायू आवळतात. पळापळ करायची असेल तर हे उत्तमच, पण मेलपासून पळता येत नाही, त्यामुळे खुर्चीत बसल्या बसल्या ती तयारी अर्धवट चालूच राहते आणि खांदे कानाकडे चढलेले राहतात. मानेपासून खांद्यापर्यंत जो ट्रॅपिझियस स्नायू आहे ना, तुमचा दगड बहुतेक तोच.

हे उतरवणारी मज्जासंस्थेची दुसरी बाजू असते, पॅरासिम्पथेटिक, आणि तिचा हृदयापर्यंत जाणारा मुख्य रस्ता म्हणजे व्हेगस नर्व्ह. तुम्ही हृदयाला थेट सांगू शकत नाही की बाबा हळू चाल, पण श्वासाला सांगू शकता. मनगटाची नाडी धरून सावकाश श्वास घ्या आणि सोडा, घेताना ठोके किंचित जवळ येतील, सोडताना लांब जातील, बऱ्याच जणांना हे बोटांखाली कळतं. म्हणून सोडणं लांबवायचं. एरवी आपण मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेतो, तो आरामात 6 च्या आसपास आणता आला तर बघा, ओढाताण करून नाही. भ्रामरीत शांत वाटतं त्याचं एक कारण हेच, गुणगुणायचं म्हणजे हवा हळूहळूच सोडावी लागते.

आता तुमचं पश्चिमोत्तानासन. स्नायूत मसल स्पिंडल नावाचे बारीक सेन्सर असतात, झटक्याने ओढलं की ते धोका समजून स्नायूला उलट आवळायला लावतात. तुम्ही ओढताय आणि तो परत ओढतोय, रस्सीखेच! गुडघे बिनधास्त वाकवा, जिथे ताण कळतो पण दुखत नाही तिथे थांबा, 20-30 सेकंद, आणि प्रत्येक उच्छ्वासाला थोडं सैल सोडा. पतंजलींनी आसनाबद्दल ‘स्थिरसुखमासनम्’ म्हटलंय, म्हणजे स्थिर आणि सुखाचं असेल ते आसन, त्यात नाक गुडघ्याला लावा असं कुठे नाही.

शवासनासाठी एक युक्ती. ‘सैल सोडा’ म्हटल्याने ज्याला सोडता येत नाही त्याने आधी आवळावं. मूठ 5 सेकंद घट्ट, मग एकदम सोडायची, पंधरा-वीस सेकंद फरक बघायचा, मग दंड, खांदे, चेहरा, पोट, पाय. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने 1920 च्या दशकात ही पद्धत मांडली, आजही वापरतात. डोक्याला मोजायला काम मिळतं, मेलना जागा कमी उरते.

शंकासुर
सगळं मान्य, पण जरा जमिनीवर येऊ. बॉस तोच, काम तेच, माणसं तीच. ताण जिथून येतोय तिथे काहीच न बदलता रोज रात्री मान सैल करायची म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसायची.

अभ्यासांचं पण सांगतो, योगाने ताण आणि चिंता कमी होते असे निष्कर्ष आहेत, पण बरेच अभ्यास छोटे आहेत आणि योगा करणाऱ्याला माहीतच असतं की आपण योगा करतोय, त्यामुळे ‘बरं वाटणारच’ हा भाग वेगळा काढणं अवघड. भरभर चालण्यानेही मूड सुधारतो. आणि पीळ देणाऱ्या आसनाने शरीरातले टॉक्सिन पिळून निघतात वगैरे जे सांगतात ते तर सोडूनच द्या, ते काम लिव्हर आणि किडनी करतात.

(मी स्वतः रोज सकाळी मार्जारासन करतो. कंबर मोकळी होते. वाद घालायला बळ येतं.)

सांधेजोड
@शंकासुर नळाचं पटलं. पण फरशी निसरडी असेल तर नळापर्यंत जाताना माणूस पडतो, म्हणून आधी पुसायची :)

खिडकीपाशी
एक वेगळा अनुभव, कुणाच्या उपयोगी पडला तर. मला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरायला व्हायचं, छाती भरून यायची, वाटायचं आता श्वास बंदच पडणार. क्लासमध्ये सगळे शांत आणि मी चादरीचं टोक मुठीत धरून पडलेली. बराच काळ वाटायचं माझ्यातच काहीतरी खोट आहे. मग एका समुपदेशक बाईंनी सांगितलं की काहींना असं होतं, डोळे उघडे ठेव, श्वासाचा नाद सोड, तळपायांकडे लक्ष दे. उभं राहून टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या, बास. ते जमलं.

आणि बीपी जास्त असेल किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली पाय वर असले प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मानमोडे, अडीचची जाग अशीच राहिली तर तेही परत कुणालातरी दाखवा, तीन आठवडे म्हणजे कमी नाही.

मानमोडे
नऊ दिवसांनी येतोय. व्हिडिओ बंद केला. अर्ध्या तासाचं दहा मिनिटांवर आणलं, त्यात वाकवलेल्या गुडघ्यांचं ते पश्चिमोत्तानासन (दिसतं अगदी केविलवाणं), मग भिंतीला पाय लावून पडतो, मग मुठींचा प्रकार. मेल अजूनही येतात पण पोटापर्यंत पोचलो की विसरतो कितवा चालू होता. अडीचची जाग नऊपैकी तीन रात्री आली नाही. शंकासुरांचं ऐकून एक रोजची मीटिंग आठवड्यातून दोनदा करून घेतली, कुणी हूं का चूं केलं नाही, हे दोन वर्षं का नाही सुचलं देव जाणे.

दातांचं मात्र खूळ लागलंय. दिवसातून दहादा आवळलेले सापडतात. काल कॉलवर असताना सापडले, लगेच सोडले, जबडा पूर्ण सैल, आणि दोन मिनिटांनी समोरून विचारलं, तुम्ही ठीक आहात ना, तोंड उघडं आहे तुमचं, कॅमेरा चालू आहे.

सांधेजोड
ओठ मिटलेले, दात सुटे. हे सांगायचं राहिलं माझं, सॉरी.

आळशी_मांजर
😹😹😹