पहिलं नाटक लिहिणाऱ्याला मत द्यायचं ते कसं आणि कधी?

साखळीकर

आमच्या वाड्यावरच्या एका मुलीनं देवळातल्या काल्याच्या उत्सवाच्या रात्रीसाठी दोन अंकी नाटक लिहिलं आहे. कॉलेजात शिकते, पहिलंच लेखन. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की तालमी सुरू होतील. संहिता माझ्या हातात देऊन म्हणाली, "काका, वाचून खरं काय ते सांगा."

नाटक आमच्याच भागातलं. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले, त्या दिवसांतलं एक घर. पहिला अंक वाचला आणि मला बसवेना, उठून अंगणात फेऱ्या मारल्या. बाप रोज सकाळी ट्रक सुरू करून थोडा वेळ इंजीन चालू ठेवतो, बॅटरी उतरू नये म्हणून. मग एक दिवस डिझेलला पैसे नसतात. आई काही न बोलता मागचा फाळका खाली सोडते आणि त्यावर कोकमाची सोलं वाळत घालते. बाप बघतो, आत निघून जातो. एकही संवाद नाही. असं लिहायला कोणी शिकवत नाही.

दुसऱ्या अंकात मात्र तोच बाप तीन पानं भाषण करतो. सरकार, बँक, नशीब. फाळक्यानं जे सांगून झालं तेच पुन्हा, आणि तेही सभेत बोलावं तशा मराठीत. त्यात बापाची भूमिका करणार मंडळातले सर्वांत ज्येष्ठ नट, आणि त्यांना नेमकं ते भाषणच आवडलंय.

आपल्याकडे नाटक झालं की जो तो "बरें जालें" म्हणतो, शाल-श्रीफळ होतं, विषय संपतो. या मुलीच्या पदरात तेवढंच पडावं हे मला पटत नाही. पण मी दोष काढले आणि तिनं लिहिणंच सोडलं तर? तुम्ही मंडळी मत कसं देता? आत्ता की प्रयोगानंतर? तोंडी की लिहून?

विंगेतला

फोंडा भागात बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय, त्या अनुभवावरून लिहितो. आत्ताच सांगा. प्रयोगाच्या रात्री रंगपटात तर अजिबात नको. तोंडावरचा रंग उतरायच्या आत कोणाला उणं ऐकवू नये, त्या वेळी माणूस फार हळवा असतो. आणि उत्सवाचं नाटक बहुतेकदा एकदाच होतं, मग नंतर सांगून करायचं काय?

भाषण लांब आहे असं मात्र म्हणू नका. तिला ते उभं राहून, मोठ्यानं, सबंध वाचायला सांगा. विंगेतून आम्हाला प्रेक्षक दिसत नाहीत, पण ऐकू येतात. आधी खोकला, मग खुर्च्या सरकल्याचा आवाज, मग खाज्यांच्या दुकानाकडे निघालेल्या पोरांची कुजबुज. वाचता वाचता तिचा स्वतःचा आवाज कुठं पडतो ते तिलाच कळेल. तिथं पेन्सिलीनं खूण करायची आणि पुढं जायचं.

पेडण्याची

काका, मी एकांकिका लिहिते, म्हणून लिहिणाऱ्याच्या बाजूनं सांगते. "पहिला अंक सुंदर" एवढ्यावर थांबू नका. फाळक्याचा प्रसंग इथं जसा सांगितलात तसाच तिला सांगा, अंगणात फेऱ्या मारल्यात हेही सांगा. मोघम कौतुकावर आमचा विश्वास बसत नाही, पुढं "पण" येणार हे ठाऊक असतं.

तिची वाक्यं तुम्ही लिहून देऊ नका. माझ्या एका संहितेवर एका जाणत्या गृहस्थांनी लाल पेनानं स्वतःचे संवाद घातले होते. संवाद चांगले होते, पण माझी पात्रं मलाच परकी झाली. प्रश्न विचारा. हा माणूस सबंध पहिला अंक गप्प आहे, मग आता कोणापुढे बोलतोय? कोण ऐकतंय?

भाषेबद्दल फार जपून. घरात कोंकणी आणि कागदावर मराठी, ही आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती. "पुस्तकी झालंय" म्हटलं की वर्मी लागतं. तिच्याच पहिल्या अंकातली आईची वाक्यं समोर ठेवा, तेवढं पुरे. आणि हे सगळं तिला एकटीला सांगा, तालमीत त्या ज्येष्ठांसमोर नको.

काणकोणकर

माझं मत थोडं वेगळं. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत परीक्षक बसतात, तिथं हा काटेकोरपणा ठीक. काल्याचं नाटक देवाच्या अंगणात होतं. आमच्याकडे लोक जुन्या नटाचं स्वगत ऐकायला पहाटेपर्यंत जागतात, टाळ्या तिथंच पडतात. तिला कदाचित तेच हवं असेल. आपली आवड तिच्या गळ्यात का घालायची?

साखळीकर

काणकोणकर, लोक जागतात हे अगदी खरं, आणि ते नट भाषण पेलतील याबद्दल मला शंका नाही. पण टाळी त्यांना पडेल. फाळक्याचा प्रसंग लिहिणारी त्यात झाकली जाईल, याचं मला वाईट वाटतं. बापानं बोलावं, जरूर बोलावं, पण आपल्याला अजून ठाऊक नाही असं काहीतरी बोलावं. तरी तुमच्यामुळे एक ठरवलं. तिला काय हवंय ते आधी विचारणार, मग माझं सांगणार. रविवारी बोलावलंय, विंगेतला म्हणतात तसं मोठ्यानं वाचूनच घेऊ.

अजून एक विचारतो. गोष्ट ज्या घरावरून घेतलीय ते गावात कोणालाही ओळखू येईल. ते लोक पहिल्या रांगेत बसणार. संहितेबद्दल मत मागितलंय, त्यात हे बोलणं माझ्या अधिकारात बसतं का?

पेडण्याची

बसतं, काका, आणि हेच सगळ्यांत आधी बोला. भाषण तालमीतही कमी करता येतं, पण ही गोष्ट प्रयोगाच्या रात्रीवर ढकलता येत नाही. तालमी सुरू व्हायच्या आत तिनं त्या घरी जाऊन नाटक वाचून दाखवावं. ती कचरत असेल तर तुम्ही सोबत जा, पण वाचायचं तिनंच.