खारपाणपट्टा: सुती लड्यांवर फिके चट्टे, पांढरे ठिपके, आणि धुताना रंग उतरतो

दर्यापूर_बचतगट:
हातमागासाठी आम्ही सुती लड्या रंगवतो. एका खेपेला 5 किलो कच्चं सूत, 100 लिटर पाणी, सुताच्या वजनाच्या 3 टक्के नेव्ही ब्लू (60 अंशांवर पक्का होणारा रिअ‍ॅक्टिव्ह रंग), 6 किलो मीठ, 2 किलो सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा). आधी सूत तासभर सोड्यात उकळतो. तरी फिके चट्टे पडतात, मधूनमधून पांढरे ठिपके दिसतात, आणि चौथ्या धुण्यालाही पाणी निळंच. पाणी बोअरचं, खारं. सोडा वाढवायचा का?

रंगारी_अकोला:
ताई, सोडा वाढवू नका, आहे तेवढा पुरेसा आहे. आपल्या पट्ट्यातल्या पाण्यात क्षारांबरोबर बायकार्बोनेटही असतं. पाणी तापलं की त्याचा पीएच चढतो आणि सोडा टाकायच्या आधीच रंग पक्का व्हायला लागतो. वरचा धागा गडद, गाठीखालचा फिका राहतो तो यामुळे. पाणी 60 अंशांवर आलं की पीएचची पट्टी बुडवा. 8 च्या वर दिसली तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड थोडं थोडं घालून 6.5 ते 7 वर आणा, मगच रंग. लिटरला 1 ग्रॅम सिक्वेस्टरिंग एजंटही हवा. तो कॅल्शियम धरून ठेवतो, पण पीएच उतरवत नाही, म्हणून दोन्ही लागतात.

मीठ तीन हप्त्यांत, दहा-दहा मिनिटांनी. त्यानंतर अर्धा तास लड्या फिरवत राहा. सोडा वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवून दोन हप्त्यांत घाला, घालताना लड्या वर उचलून धरा. मग 60 अंशांवर पाऊण ते एक तास. लडीचे बांध सैल हवेत.

उकळणीही कमी पडतेय. नुसत्या सोड्याने कापसाचं मेण नीट निघत नाही. 5 किलोला 150 ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि थोडं वेटिंग एजंट (सूत लवकर भिजवणारं रसायन) घालून दोन तास उकळा, सूत पाण्याखालीच राहू द्या. धुवून वाळवलेल्या लडीवर पाण्याचा थेंब टाका. तो तीन सेकंदांत जिरला नाही तर ती लडी रंगवायला घेऊ नका.

सूतवाला_यवतमाळ:
ठिपक्यांचं आधी निदान करा. एक ठिपका सुईने उचकटून भिंगाखाली बघा. पांढरी भुकटी असेल आणि अ‍ॅसिटिकच्या थेंबाने फसफसून गेली तर तो चुना, वर सांगितलेल्या उपायाने थांबेल. तंतूंची बारीक गुठळी निघाली तर मात्र दोष सुतातच आहे. फरदडीचा (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला) किंवा कवडीचा (नीट न उमललेल्या बोंडांचा) कापूस रुईच्या गाठीत मिसळला की अपक्व तंतू येतात. त्यांची भिंत पातळ, रंग धरायला सेल्युलोजच नाही. रंग कितीही वाढवा, ते पांढरेच दिसणार. असं सूत फिक्या पिवळ्या किंवा मोतिया रंगाला वापरा. नवा लॉट आला की आधी एकच लडी गडद निळी करून बघा आणि दोन लॉट एका ताण्यात घेऊ नका, कापडावर पट्टे दिसतात.

दर्यापूर_बचतगट:
गोडं पाणी टँकरचं, महाग पडतं. आणि चट्टे पडलेल्या लड्यांचं काय करायचं?

रंगारी_अकोला:
गोडं पाणी रंगाच्या भांड्याला आणि गरम साबणाला ठेवा. पाण्यात मीठ असलं की सुटा रंग धाग्याला चिकटून राहतो, म्हणून खाऱ्या पाण्यात कितीही धुतलं तरी निळं उतरतच राहतं. पहिली दोन थंड धुणी बोअरच्या पाण्यात चालतील. मग थोडं अ‍ॅसिटिक, आणि पुढे गोड्या पाण्यात लिटरला 1 ग्रॅम सोपिंग एजंट (सुटा रंग काढणारं रसायन) घालून 95 अंशांवर 15 मिनिटं, दोनदा. अंगाचा साबण किंवा वडी नको, जड पाण्यात त्याचा चिकट साका होतो आणि तो सुतावर बसतो.

चट्ट्यांच्या लड्या आधी असंच गरम साबणात काढून बघा. फरक नाही पडला तर लिटरला 5 ग्रॅम हायड्रोज (सोडियम हायड्रोसल्फाइट) आणि 3 ग्रॅम कॉस्टिक, 80 अंशांवर अर्धा तास, रंग उतरेल. हायड्रोजचा डबा कोरडा ठेवा, ओल लागली तर पेटतो. पाण्यात हायड्रोज टाकायचं, हायड्रोजवर पाणी नाही. नंतर तीन-चार वेळा खळखळून धुवा. सुतात ते जरा जरी राहिलं तर नवा रंगही खाऊन टाकतं.

माल देण्याआधी ओली लडी पांढऱ्या सुती कापडात ठेवून गरम इस्त्री दाबा. कापडावर निळं उमटलं तर आणखी एक गरम साबण द्या.