ऑइल मिलसाठी रबर शीट घ्यायची आहे, चार जागा आहेत. कोणती घेऊ?

ढेपवाला, जळगाव
राम राम मंडळी. एमआयडीसीत आमची छोटी ऑइल मिल आहे. सरकीचंच काम, दोन एक्सपेलर (तेल पिळायची यंत्रं), एक फिल्टर प्रेस (तेल गाळायचा). एक्सपेलरकडून प्रेसकडे तेलाची लाइन जाते, तिच्या फ्लँजना (पाइप बोल्टने जोडायच्या चकत्यांना) आम्ही काळी रबर शीट कापून पॅकिंग लावतो. गेल्या महिन्यात नवी शीट आणली. दुकानदार म्हणाला, "ऑइल प्रूफ आहे, डोळे मिटून लावा." डोळे मिटून लावली. तिसऱ्या आठवड्यात पॅकिंग फुगून फ्लँजबाहेर जिभेसारखं लोंबायला लागलं. बोटाने दाबलं तर खवा. तेल 70-80 डिग्रीच्या आसपास असतं.

आता एकदाच नीट सामान घ्यायचं आहे. जागा चार: ही तेलाची लाइन, सरकी शिजवायच्या किटलीला वाफ जाते ती लाइन (प्रेशर 3 ते 4 किलो), सरकी पडते ती चूट म्हणजे पन्हळ (पत्रा दर दोन हंगामांनी भोकं पडून जातो), आणि पॅनलसमोर टाकायची मॅट. एकच चांगली शीट घेतली तर चारही ठिकाणी भागेल का?

सातपुडा७७, चोपडा
व्हायटॉन घ्या, ते फ्लोरिनवालं भारी रबर, विषय संपला. 200 डिग्री सहन करतं, तेलाला तर बधतच नाही.

निवृत्त फिटर, भुसावळ
सातपुडा, व्हायटॉनने विषय नाही, ढेपवाल्याचे पैसे संपतील. 80 डिग्रीच्या सरकी तेलाला व्हायटॉन कशाला? आणि तेच साधं व्हायटॉन वाफेच्या लाइनला लावलं तर तिथे टिकत नाही, मग शिव्या रबराला.

ढेपवाले, माझी नोकरी पॅकिंग कापण्यातच गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, "काळं रबर" असं काही एक रबर नसतं. काळा रंग कार्बन ब्लॅकचा, म्हणजे काजळीचा, तो जवळजवळ सगळ्यात घालतात. एसबीआर, नायट्राइल, निओप्रिन, ईपीडीएम या चार शीट टेबलावर शेजारी ठेवल्या तर मलाही नुसत्या डोळ्यांनी ओळखता येणार नाहीत. तुम्हाला मिळाली ती एसबीआर असणार, नाहीतर रिक्लेम, म्हणजे जुन्या रबराचा चुरा पुन्हा वापरून, मिसळलेली. एसबीआर म्हणजे टायरचं रबर. स्वस्त, घासायला चिवट, पाण्याला चालतं, पण तेलाला अजिबात नाही. तेल त्याच्या अंगात शिरतं आणि ते फुगतं. तुमचा खवा तिथून आला.

तेलाच्या लाइनला नायट्राइलच घ्या. त्यात अॅक्रिलोनायट्राइल असतं, त्याचं आणि तेलाचं जमत नाही, म्हणून ते तेल पीत नाही. त्याचं प्रमाण जितकं जास्त तितकं तेलाला बरं, मात्र थंडीत ते ताठर होतं. आपल्याकडे थंडीची काय चिंता! 33 टक्क्यांच्या आसपासचं मागा. 100 डिग्रीपर्यंत आरामात चालेल. जाडी 3 मिमी, कडकपणा शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) 65 ते 70. आणि खाण्याचं तेल आहे, तेव्हा पांढरं फूड ग्रेड नायट्राइल मिळालं तर तेच बघा. काळ्या स्वस्त शीटमध्ये काय काय मिसळलेलं असतं ते तेलात उतरायला नको.

ईपीडीएम चुकूनही नको. ऊन, पाणी, ओझोन याला त्याच्यासारखं रबर नाही, छतावर वर्षानुवर्षं राहतं. तेलात मात्र त्याची गत एसबीआरसारखीच.

वाफेचं म्हणाल तर 3-4 किलोला वाफ 143 ते 152 डिग्री असते. तिथे रबर लावूच नका, कुठलंच. बिनअॅस्बेस्टॉसची जॉइंटिंग शीट किंवा ग्रॅफाइट. पूर्वी आम्ही अॅस्बेस्टॉसचीच शीट हातानं कापत होतो, धूळ फुंकर मारून उडवत होतो. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो. तुमच्या स्टोअरमध्ये जुना तुकडा पडला असेल तर वापरू नका.

जिनवाला, धुळे
भाऊ, आमना जिनमा बी हाईच गत शे. मी त बठ्ठीकडे निओप्रिनच लाई दिन्हं. गिअरबॉक्सचं कव्हर, पाण्याची लाइन, दाराची पट्टी, सगळीकडे तेच. एकच रोल आणायचा, डोक्याला ताप नाही. दोन वर्षं झाली, तक्रार नाही.

पॉलिमरवाली, मूळ अमळनेर, सध्या पुणे
रबर कंपाउंडिंगच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून मध्ये पडते. फिटरकाकांचं तेलाबद्दलचं सगळं बरोबर. जिनवाले दादा, निओप्रिन मधल्या फळीतला खेळाडू आहे. ऊन-वारा छान सोसतं, तेल बऱ्यापैकी सोसतं, आणि त्यात क्लोरीन असल्याने आग बाजूला केली की स्वतःच विझतं. जिनिंगमध्ये कापूस उडत असतो तिथे हा गुण मोठाच. पण रोजचं 80 डिग्रीचं तेल म्हणजे गिअरबॉक्सच्या कव्हरवरचे शिंतोडे नव्हेत. तिथे ते हळूहळू फुगणारच.

चूटबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. तिथे आधी रबर की प्लास्टिक हे ठरवा. फरक आपल्या स्वयंपाकघरातला आहे. गूळ तापवला की पातळ, गार केला की घट्ट, पुन्हा तापवा पुन्हा पातळ. थर्मोप्लास्टिक तसं. पॉलिथिलिन, पीपी (पॉलिप्रॉपिलिन), पीव्हीसी, नायलॉन सगळे गुळाच्या घरचे. कळण्याची भाकरी एकदा तव्यावर भाजली की तिचं पुन्हा पीठ होत नाही. गंधक घालून शिजवलेलं रबर तसं. गुडइयरला 1839 मध्ये सापडली ती हीच भाजणी. म्हणून रबर दाबून धरलं तरी उलट दाब देत राहतं, पॅकिंगचं कामच ते. प्लास्टिक सततच्या दाबाखाली आणि उष्णतेत हळूहळू सरकतं, बोल्ट ढिले पडतात. दोन्हींच्या मध्ये टीपीई नावाची मंडळी आहेत, म्हणजे वागायला रबरासारखी पण वितळवता येणारी. त्यातलं टीपीयू घासायला फार चिवट.

तुमची सरकी चूटमध्ये सरळ आदळते की उतारावरून घसरते?

ढेपवाला, जळगाव
घसरते. 45 अंशाच्या आसपास उतार. पण सरकीला लिंटर, म्हणजे कापसाचे बारीक तंतू, असतं ना, कुठे कुठे चिकटून ढीग होतो. पोरगं काठीने ढोसत बसतं.

पॉलिमरवाली, पुणे
मग रबर नकोच. रबर आदळणाऱ्या मालाला चांगलं, मार गिळतं. घसरणाऱ्या मालाला ते उलट धरून ठेवतं, पोराचं काम वाढेल. तुम्हाला यूएचएमडब्ल्यू, म्हणजे फार लांब साखळ्यांच्या, पॉलिथिलिनची शीट हवी. अतिशय गुळगुळीत, झिजायला चिवट, लिंटर चिकटणार नाही. फक्त तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, हे उन्हाने खूप वाढतं. मीटरमागे डिग्रीला साधारण 0.15 ते 0.2 मिमी. तुमची शीट दोन मीटरची असेल आणि पहाटेचे 15 ते दुपारचे 45 असा 30 डिग्रीचा फरक धरला तर एक सेंटीमीटरच्या आसपास लांबते. चारी कोपरे गोल भोकाने आवळले तर मे महिन्यात शीट पापडासारखी फुगेल. वरच्या टोकाला गोल भोकं, बाकी सगळीकडे लांबट भोकं पाडा. दुसरी, हे प्लास्टिक वीज वाहून नेत नाही, घासून घासून स्थिर वीज साठते, आणि तुमच्याकडे लिंटर उडतं. म्हणून पांढरी घेऊ नका, काळी अँटिस्टॅटिक मागा आणि चूटच्या पत्र्याला अर्थिंग आहे ना तेही बघा. तिसरी, ती लावल्यावर त्या चूटवर वेल्डिंग बंद. 130-135 डिग्रीला वितळतं आणि चांगलं पेटतं.

निवृत्त फिटर, भुसावळ
हे लांबट भोकांचं कोणी सांगत नाही. छान लिहिलंत ताई.

मॅटचं माझ्याकडून. पॅनलसमोर साधी काळी शीट टाकून "रबर आहे, शॉक बसणार नाही" असं समजू नका. कार्बन ब्लॅक वीज वाहतो, भरपूर घातलेली शीट चक्क वाहक होऊ शकते. मॅटवर आयएस 15652 (इन्सुलेटिंग मॅटचं भारतीय मानक) छापलेलं बघून घ्या. त्यात वर्ग असतात: 3.3 केव्हीपर्यंत 2 मिमी, 11 केव्हीपर्यंत 2.5 मिमी, 33 केव्हीपर्यंत 3 मिमी. तुमच्या 415 व्होल्टच्या पॅनलला पहिला वर्ग पुरेसा.

सातपुडा७७, चोपडा
शीट ओळखायला सोपा उपाय, कोपरा जाळून बघा. वासावरून कळतं.

पॉलिमरवाली, पुणे
नका हो. निओप्रिन आणि पीव्हीसी जाळलं की आम्लाची वाफ येते. तुमचं लाडकं व्हायटॉन किंवा टेफ्लॉन जाळलंत तर फ्लोरिनचे विषारी वायू. वास घ्यायची गोष्टच नाही ती.

त्यापेक्षा वजन करा. शीट किलोवर विकली जाते, म्हणून काही जण तिच्यात खडू कोंबतात. 3 मिमी जाड, एक मीटर बाय एक मीटर तुकडा. चांगल्या नायट्राइलची घनता 1.3 धरली तर तो चार किलोच्या आत भरतो. पाच किलोच्या पुढे गेला तर तुम्ही खडू विकत घेताय. आणि खरी परीक्षा म्हणजे तुमचंच तेल. पाच ग्रॅमचा तुकडा कापा, वजन करा, तीन दिवस गरम तेलात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. लॅबमध्येही 70 तास बुडवूनच बघतात, फक्त आमचं तेल ठरावीक असतं.

केळीवाला, रावेर
विषय थोडा वेगळा आहे, पण वजनावरून आठवलं. शेततळ्याचा कागद 500 मायक्रॉन म्हणून दिला, मला पातळ वाटतोय. हाच हिशेब तिथे चालेल का?

पॉलिमरवाली, पुणे
चालेल. साधा एचडीपीईचा असेल तर घनता 0.94 च्या आसपास, म्हणजे 500 मायक्रॉनचा एक चौरस मीटर साधारण 470 ग्रॅम. 400 च्या खाली भरला तर तुमची शंका बरोबर. एक तुकडा पाण्यात टाकून बघा, पॉलिथिलिन तरंगतं, पीव्हीसी बुडतं. आणि काळाच हवा, तिथला कार्बन ब्लॅक उन्हापासून वाचवतो.

चटईवाला, जळगाव
हे खरं. आमच्या चटईचा पीपी दाणा उन्हाला इतका नाजूक की यूव्हीचं औषध घातलं नाही तर अंगणात टाकलेली चटई एका उन्हाळ्यात भुगा. ढेपवाले, तुमच्या प्रेसच्या प्लेटा पीपीच्या असतील तर तेल 80 च्या वर जाऊ देऊ नका, वाकतात. मग कितीही भारी पॅकिंग लावा, गळणारच.

ढेपवाला, जळगाव
नऊ दिवसांनी येतोय, माफ करा. परीक्षा करून बघितली. मेहुण्याचं सराफ बाजारात दुकान आहे, त्याच्या काट्यावर मोजलं. एक तुकडा जुन्या "ऑइल प्रूफ" शीटचा, एक जिनवाल्या दादांनी एसटीने पाठवलेला निओप्रिनचा, एक नवीन दुकानातून नमुन्याला आणलेल्या पांढऱ्या नायट्राइलचा. तीन दिवस गरम तेलात.

जुनी: 5.20 ग्रॅमची 7.44 झाली. निओप्रिन: 5.05 चं 5.86. नायट्राइल: 5.11 चं 5.27.

जुनी शीट परत घेऊन गेलो तर दुकानदार म्हणतो, ऑइल प्रूफ म्हणजे इंजिन ऑइल, सरकीचं तेल नाही सांगितलं तुम्ही. इंजिन ऑइलमध्ये तरी काय वेगळं झालं असतं देव जाणे.

पॉलिमरवाली, पुणे
इंजिन ऑइलमध्येही फुगलीच असती.

ढेपवाला, जळगाव
वाटलंच. नायट्राइल दोन मीटर सांगितलं, वाफेला ग्रॅफाइट, मॅट शिक्का बघून घेतली. चूटची शीट दिवाळीच्या आत बसवतो, नवी सरकी यायच्या आधी. प्लेटा पीपीच्याच निघाल्या, दोन वाकल्यात, ते आता वेगळं दुखणं. काका, फ्लँजचे बोल्ट किती आवळायचे?

निवृत्त फिटर, भुसावळ
समोरासमोरचे, चांदणी काढतो तसे, थोडे थोडे तीन फेऱ्यांत. 3 मिमीचं सव्वादोन-अडीच झालं की थांबायचं. लाइन पहिल्यांदा तापून गार झाली की पुन्हा एकदा पाना फिरवून बघा. आणि उरलेली शीट पत्र्याच्या शेडमध्ये मोटरशेजारी ठेवू नका. मोटरच्या ठिणग्यांनी ओझोन होतो, नायट्राइलला तो खातो. अंधारात, गारव्याला, सपाट ठेवा.

ढेपवाला, जळगाव
आमच्याकडे मेमध्ये गारवा फक्त मेहुण्याच्या दुकानात आहे, एसी आहे तिथे. पण काट्याची तबकडी तेलकट केल्यापासून तो मला आत घेत नाहीये.